बीडीडी चाळ : पॅसेजमधले शेजार

जांबोरीकर

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या आणि त्यांतली एक माझ्या थोरल्या भावाच्या हाती आली. आमची चाळ पाडून काही वर्षे झाली होती आणि तेवढा काळ त्याने तात्पुरत्या घरात काढला होता. नवे घर पाहायला मी पुण्याहून मुद्दाम गेलो. पाचशे चौरस फूट, घरातच संडास-न्हाणीघर, खाली लिफ्ट. वहिनीने मला स्वयंपाकघराचा ओटा दाखवताना तो बोलता बोलता तीनदा पुसला. तिला जे हवे होते ते फार उशिरा, पण मिळाले. त्यामुळे ‘चाळीतली माया आता कुठे राहिली’ असा गळा काढण्यासाठी मी हा धागा सुरू केलेला नाही, हे आधीच सांगतो.

मला लिहायचे आहे ते थोडे वेगळे. चाळीतल्या आपुलकीचे श्रेय आपण माणसांच्या स्वभावाला देतो. मला अलीकडे असे वाटू लागले आहे की त्यातला निम्म्याहून अधिक वाटा इमारतीच्या आखणीचा होता, आणि ती आखणी करणाऱ्यांच्या मनात आपुलकी वगैरे काहीही नव्हते.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याचीच आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या असा बेत होता आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात काम २०७ चाळींवर थांबले : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. खोली एकशे साठ चौरस फुटांची. पुण्या-गिरगावातल्या चाळींना बाहेरून गॅलरी असते आणि तिथे निदान आकाश तरी दिसते. आमच्याकडे मधोमध पॅसेज, त्याच्या दोन्ही हातांना दहा-दहा दारे, आणि संडास सामाईक. भर दुपारी दोन वाजताही पॅसेजमध्ये दिवा लागे.

या रचनेचा परिणाम असा होत असे की दार बंद केले तर खोलीत वारा येत नसे आणि दार उघडे ठेवले तर समोरच्याच्या ताटात काय वाढले आहे ते दिसत असे. दार उघडे ठेवण्यात मनाचा मोठेपणा फारसा नव्हता, उकाडा होता. एकदा दार उघडे राहिले की पुढचे सगळे आपोआप घडत जाई. समोरची मावशी बाजारात गेली की तिचे दूध आमच्या आईने उतू जाऊ द्यायचे नाही, हे कोणी ठरवलेले नव्हते. स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता, एवढेच.

एक गोष्ट मात्र ठरवलेली होती. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. तिसरी पाळी करून ते सकाळी घरी येत आणि दुपारपर्यंत झोपत. वीस खोल्यांच्या मजल्यावर तीन पाळ्यांची माणसे, म्हणजे कोणीतरी सदैव झोपलेलेच असणार. वडील आडवे झाले की आई त्यांची डब्याची पिशवी दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवत असे. खाकी कापडाची, बंद तेलकट झालेली पिशवी. कडीला पिशवी दिसली की आम्ही मुले गोट्यांचा डाव जिन्याकडे नेत असू, भांडी घासणारी बाई टोप आदळत नसे, आणि बोहारीण आली तर तिला कोणीतरी तोंडावर बोट ठेवून पुढे पाठवी. प्रत्येक मजल्यावर अशी पद्धत होती की आमच्याच, ते मला ठाऊक नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिल्या आठवड्यात आईने सवयीने दोनदा पिशवी बाहेर लावली आणि मग ती खिळ्याला टांगून ठेवली. वडील दिवसा जागे असत. मजल्यावर एवढे जागे पुरुष दिवसाउजेडी एकदम दिसण्याची मुलांना सवयच नव्हती. आम्हांला काही दिवस ते सणासारखे वाटले.

आपापल्या आठवणी लिहाव्यात ही विनंती. गोड आठवणीच हव्यात असे नाही.

डिलाईल रोडचा

आपला मुद्दा मला पटतो, पण त्याला एक पुरवणी जोडतो. आमच्या समोरची खोली गावाची होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : भाडेपावतीवर एकाचे नाव, पण राहायला सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे पंचवीस-तीस गडी. एकशे साठ चौरस फुटांत तीस माणसे कशी मावतात, याचे उत्तर असे की ती कधीच एका वेळी तिथे नसत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरी. भिंतीला ट्रंका रचलेल्या असत आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक, एक खुंटी आणि वळकटी ठेवण्यापुरती जागा येई. उन्हाळ्यात निम्मे गडी पॅसेजमध्ये किंवा खाली चाळींमधल्या मोकळ्या जागेत झोपत. कोणी आजारी पडला की गावाकडे पत्र जाई आणि कोणी वारला तर वर्गणी काढून प्रेत गावी नेले जाई. ही आपुलकी इमारतीने निर्माण केलेली नव्हती, ती एस.टी.ने गावाहून आलेली होती. इमारतीने तिला फक्त भिंती दिल्या.

माझी आई त्यांची खानावळ चालवत असे. चौदा जण जेवायला, दोन वेळा, भाकरी-कालवण आणि रविवारी मटण. हिशेबाची वही होती आणि तिच्यात खाड्यांसाठी वेगळा रकाना. महिन्याच्या पगाराला पैसे. संप लागल्यावर आईने दोन महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातले. वाण्याने आमची उधारी बंद केल्यावर तिने एके रात्री सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितले की उद्यापासून चूल फक्त घरापुरती पेटेल. ते गडी एकेक करून गावी गेले. बहुतेकांचे पैसे राहिले ते राहिलेच. आई त्यांना नावे ठेवत नसे, पण वहीही तिने फेकली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांतला एक जण पाठीवर घेवड्याचे पोते घेऊन तीन मजले चढून आला. वहीत त्याच्या नावावर १८६ रुपये होते. आईने वही काढली, त्याच्यादेखत त्याच्या नावावर काट मारली, आणि मग घेवडा मोजून घेतला. हो, मोजून. तिचे म्हणणे असे की न मोजता घेतला असता तर त्याला दान दिल्यासारखे वाटले असते.

नायगावची लेक

धागा वाचून बरे वाटले, पण आतापर्यंत दोन मुलगे बोलले आहेत, तेव्हा एका मुलीने बोललेले बरे.

वडील पोलिसात होते. नायगावच्या चाळींत पोलिसांची वस्ती मोठी, त्यामुळे आमच्या मजल्याला पोलीस लाइनीची थोडी शिस्तही होती. तरी पॅसेज तोच. मुलगी शाळेतून किती वाजता आली, कोणाबरोबर आली, हे पॅसेजला आधी कळे आणि आईला नंतर. ‘सगळ्यांचे लक्ष असायचे’ हे वाक्य मुलगे कौतुकाने बोलतात. मी तेच वाक्य वेगळ्या आवाजात बोलते. रात्री संडासाला जायचे तर आईला उठवायचे, बादली आणि कंदील घ्यायचा, आणि वाटेत पॅसेजमध्ये झोपलेल्या पुरुषांचे पाय चुकवत जायचे. संध्याकाळनंतर मी पाणी पीत नसे. ही सवय लग्नानंतर घरात संडास असतानाही कित्येक वर्षे सुटली नाही. जांबोरीकरांच्या वहिनींनी ओटा तीनदा का पुसला ते मला नीट समजते.

आणखी एक. आमच्या डाव्या हाताच्या खोलीतला माणूस बायकोला मारत असे. वीस खोल्यांना ऐकू जाई. ज्या मजल्यावर दूध उतू जाऊ दिले जात नसे, त्या मजल्यावर हा आवाज मात्र ‘त्यांचे घरचे’ ठरे. पुरुष खोकत आणि रेडिओचा आवाज वाढवत. कोपऱ्यावरच्या खोलीत एक म्हातारी होती, सगळे तिला मालवणी आजी म्हणत. आवाज सुरू झाला की ती वाटी घेऊन निघे आणि त्या दाराशी जाऊन साखर मागे. रात्रीचे अकरा वाजलेले असोत की साडेअकरा. दार उघडेपर्यंत ‘गो, वायच साकर दी’ असे म्हणत राही. दार उघडावेच लागे, कारण म्हातारीला नाही म्हणणे बरे दिसत नसे. मग ती आत जाऊन बसे, पाणी मागे, गुडघ्यांचे सांगे, आणि त्या माणसाचा हात गार झाल्याशिवाय उठत नसे. तिला मधुमेह होता हे मला फार पुढे कळले.

तेव्हा आपुलकी इमारतीची की माणसांची, या वादात मी आजीच्या बाजूने आहे. पॅसेज वीस जणांना सारखाच होता. वाटी घेऊन उठली ती एकटी.

आंबेडकर मैदान

मी वरळीचाच. जांबोरीकरांनी वयाने लहान असल्यामुळे असेल किंवा अन्य कारणाने असेल, पण १९७४ चा उल्लेखही केलेला नाही. तो केल्याशिवाय वरळीच्या चाळींतल्या शेजाराबद्दल लिहिणे मला अपुरे वाटते.

जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेवरून आमच्या चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीला निघालेल्या मोर्चावर दगडफेक झाली आणि भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता मारला गेला. त्यानंतरचे कित्येक दिवस चाळींमधून पोलीस फिरत होते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्याआधी आमच्यासाठी चाळ म्हणजे फक्त एक आकडा होता, क्रिकेटची टीम पाडायला सोयीचा. त्या महिन्यात मला पहिल्यांदा कळले की मोठ्या माणसांना प्रत्येक आकड्यामागची जात पाठ आहे. कोणत्या दोन चाळींमधून जायचे आणि कोणत्या दोघींना वळसा घालायचा, हे वडिलांनी मला खडूने फरशीवर काढून दाखवले आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून टाकले.

आमच्या मजल्यावर संडास सामाईक, जिना सामाईक, पॅसेज सामाईक. तरी समोरच्या काकू आईच्या हातची पुरणपोळी घेताना ती आपल्या ताटात वरून टाकून घेत. आई हसून वरून टाकत असे. हे दंगलीच्या आधीचे. दंगलीनंतर त्या कुटुंबाने खोलीची अदलाबदल केली आणि ते ‘आपल्या’ चाळीत राहायला गेले. त्यांच्या जागी आमच्यातले एक बिऱ्हाड आले. भांडण काही झाले नाही. काकू जाताना आईला भेटल्या, दोघी रडल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकूंनी आमच्याकडे बसून चहा घेतला. पुढे चौदा एप्रिलला आमच्या चाळीला निळ्या पताका लागत आणि गणपतीत त्यांच्या चाळीला रोषणाई असे, आणि दोन्हीकडची मुले दोन्हीकडे नाचत. हेही खरे आहे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही, एवढेच माझे म्हणणे.

परळकर

सर्वांचे लेखन सुंदर आहे. बाबासाहेब आंबेडकर याच बीडीडी चाळींपैकी परळच्या चाळीत राहत होते ना? त्याविषयी कोणी लिहिले तर आनंद होईल.

नकाशेवाला

परळकर, ही गफलत नेहमी होते. परळची ती चाळ बीआयटीची, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली तो ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या चाळी बीडीडीच्या आधीच्या आहेत. बाबासाहेब तिथे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत आणि १९३० च्या दशकात दादरच्या राजगृहात गेले. दोन्ही सरकारी बांधकामे, दोन्ही कामगारांसाठी, पण विभाग वेगळे.

इतिहासाचा विषय निघालाच आहे म्हणून एक भर घालतो. बांधून झाल्यावर वरळीच्या बऱ्याच खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या होत्या, कारण त्या काळी वरळी गिरण्यांपासून लांब वाटे आणि भाडे परवडत नसे. १९३० च्या सविनय कायदेभंगात जागा अपुरी पडू लागल्यावर सरकारने वरळीच्या काही चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे कोंडले. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या ही आखणी तुरुंगालाही फारसा बदल न करता चालली. जांबोरीकरांच्या सिद्धांताला हा पुरावा समजावा की छेद, ते त्यांनीच ठरवावे.

टेम्सकाठची

मी ठाण्याची, गेली बावीस वर्षे पूर्व लंडनमध्ये. आमचे पहिले भाड्याचे घर एका जुन्या कौन्सिलच्या वसाहतीत होते. ही घरे नगरपालिकेने बांधून अल्प भाड्याने दिलेली. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरे हवीत म्हणून १९१९ मध्ये इथे कायदा झाला आणि अशा वसाहती देशभर उभ्या राहिल्या. म्हणजे तुमच्या बीडीडीच्या जेमतेम एक वर्ष आधी. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. आमच्या मालकाने ते घर तशाच एका जुन्या भाडेकरूकडून विकत घेऊन आम्हांला भाड्याने दिले होते.

आमच्या इमारतीला बाहेरून गॅलरी होती आणि सगळ्यांची दारे तिच्यावर उघडत, म्हणजे म्हणायचे तर उघडत. कारण बहुतेक दारे बंदच असत. शेजारची आजी त्याच इमारतीत वाढलेली. तिने मला सांगितलेल्या आठवणी मी मराठीत कोणाला सांगितल्या तर ते बीडीडीचे वर्णन समजतील : दाराला कुलूप नसे, एकीच्या घरचे पोर दुसरीकडे जेवून येई, कपडे वाळत घालण्याचे वार वाटून दिलेले असत आणि सगळ्यांत मोठी भांडणे त्या वारांवरूनच होत. मी विचारले की मग हे संपले कधी. मला वाटले होते ती घरे विकली गेल्याचे सांगेल, किंवा आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक. ती म्हणाली, घरोघरी कपडे धुण्याचे यंत्र आले तेव्हा.

जांबोरीकर

सगळ्यांचे आभार. नायगावच्या ताईंनी आजींची वाटी लिहिली आणि माझा सिद्धांत चांगलाच लंगडा झाला. तो मी पुरता मागे घेत नाही, कारण आजींच्या कानांपर्यंत आवाज पोहोचवला तो पॅसेजनेच. पण पुढचे पाऊल आजींचे, हे मान्य. आंबेडकर मैदान यांना उत्तर द्यायला माझ्याकडे सबब नाही. दंगल झाली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, पण पुढे वीस वर्षे तिथेच राहिलो आणि कोणत्या चाळीला वळसा घालायचा ते मलाही ठाऊक होते. मी ते लिहायचे टाळले.

नकाशेवाले साहेब, तुरुंगाची गोष्ट मी वडिलांकडून ऐकली होती आणि थाप समजत होतो.

आता नव्या इमारतीबद्दल थोडे. कोणाला कोणते घर मिळणार, हे लॉटरीने ठरले. त्यात गैर काही नाही. वरचा मजला कोणाला आणि खालचा कोणाला, यावरून झाली असती ती भांडणे टळली. मात्र ज्या मावशींचे दूध आई सांभाळत असे, त्यांचा मुलगा दुसऱ्या विंगमध्ये गेला आणि भावासमोर आले ते एका वेगळ्याच चाळीतले कुटुंब. तसे पाहिले तर मूळ खोल्या तरी कोणी शेजारी निवडून घेतल्या होत्या? तेव्हाही सरकारी कचेरीतल्या कारकुनाने जी रिकामी होती ती दिली.

मी होतो त्या दोन दिवसांत एक प्रसंग घडला. दुपारी भाऊ झोपला होता. तो एका इमारतीत रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. गिरणी गेली, पाळी राहिली. घराची बेल नवी, तिच्यातून चिमणीसारखा आवाज येतो. समोरच्या घरातली लहान मुलगी दर दहा मिनिटांनी ती वाजवून पळत होती, कारण तिला तो आवाज आवडला होता. तिसऱ्यांदा बेल वाजल्यावर वहिनी उठली. मला वाटले आता ती मुलीच्या आईकडे तक्रार घेऊन जाणार. तिने आत जाऊन भाजीची कापडी पिशवी आणली आणि दाराबाहेर अडकवायला गेली, तर नव्या दाराला बाहेरून कडीच नाही. सपाट दार, एक कुलपाचे भोक आणि एक गोल मूठ. मुठीवरून पिशवी दोनदा घसरून पडली. समोरची मुलगी आपल्या दारातून बघत होती. तिने विचारले, ‘आजी, काय करताय?’

वहिनीने तिला जवळ बोलावले आणि काका रात्री कामाला जातात, हे सांगितले. मग दोघींनी मिळून बेलच्या बटणावरच पिशवी लटकवता येते का ते पाहिले. शेवटी मुलीने घरातून चिकटपट्टी आणली.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा पिशवी तिथेच होती, जरा वाकडी. पुढच्या वेळी जाताना एक चांगला हूक घेऊन जाणार आहे. नव्या दाराला भोक न पाडता बसणारा कोणता टिकतो, हे कोणाला माहीत असल्यास जरूर लिहावे.